ज्या फाजशी डेअरीत भांडले, तोच आता गोळीत: तीस गोळ्यांचा अनुभव

आधी हिशेब. तीस गोळ्यांची बाटली २,४९० रुपयांना, म्हणजे एक गोळी ८३ रुपयांना पडली. तेवढ्यात पिशवीचं लिटरभर दूध येतं आणि वर सुटे उरतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'प्रीबायोटिक', आणि चष्मा पुसून पाहिलं तर खाली बारीक अक्षरांत 'बॅक्टेरिओफाज मिश्रण, १५ मिलिग्रॅम'. बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, म्हणजे जिवाणूंची शिकार करणारा विषाणू. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाहीये, गोळीबद्दल बोलायचंय.

बाटली मागवली भाच्याने. एप्रिलमध्ये माझी दाढ सुजली. रूट कॅनालच्या आधी दाताच्या डॉक्टरांनी सात दिवस अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट हे अँटिबायोटिक दिलं. दाढ शांत झाली आणि पोट उठलं. दिवसातून चारदा पातळ, आणि संध्याकाळी पोट असं डब्ब की साडीची गाठ सैल करून बसायचं. हे तीन आठवडे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ताप नाही, रक्त पडत नाही ना विचारलं, आणि म्हणाले, "ताक-भात खा, निवळेल." भाच्याला हा उपाय फारच स्वस्त वाटला. तो जिमला जातो, प्रोटीनच्या डब्यावरचं सगळं वाचतो. "मावशी, हे व्हायरस असतात. पोटातल्या वाईट बॅक्टेरियाला शोधून मारतात आणि चांगल्यांना हातसुद्धा लावत नाहीत. ऑर्डर केलंय मी."

मला हसू आलं. त्याला वाटलं, मावशीला पटलं.

हसण्याचं कारण सांगायला मला १९९६ च्या गुढीपाडव्यापर्यंत मागे जावं लागेल. मुंबईतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. पाडवा म्हणजे श्रीखंड, श्रीखंड म्हणजे चक्का आणि चक्का म्हणजे आमच्याकडे तिन्ही पाळ्यांत दहीच दही. पाडव्याला चार दिवस असताना सकाळी ब्युरेट, म्हणजे दुधातलं आम्ल मोजायची नळी, लावली तर अ‍ॅसिडिटी ०.३ टक्क्यावर अडकलेली. एरवी तोवर ०.७ च्या पुढे जायची. दोन तासांनी पुन्हा पाहिलं, तिथेच. टाकीत दूध दुधासारखंच, थोडं आंबूस, कडेला चिकटलेल्या दोन गुठळ्या. रात्रपाळीने त्याच कल्चरचं ताजं विरजण घालून दुसरी टाकी लावली. तीही फसली. कामगार म्हणायला लागले, दुधात औषध आलंय, म्हशीला इंजेक्शन दिलं असणार. आमचे साहेब आणंदला शिकलेले. त्यांनी फक्त नमुना हुंगला आणि म्हणाले, "फाज आलाय. कल्चर बदला. हे नाही, कपाटातलं दुसरं काढा."

दुसरं काढलं. त्याच दुधाला, त्याच टाकीत, रात्रीत दही लागलं.

फाज कसं काम करतो, हे मला पुस्तकाआधी त्या टाकीने शिकवलं. फाज हा विषाणू, पण त्याची शिकार फक्त जिवाणू. जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला जनुकांचा धागा आत सोडतो, आत आपलीच पिल्लं भरतो आणि अर्ध्याएक तासात जिवाणू फोडून शंभरेक नवे फाज बाहेर. दुधात तासागणिक हेच चाललं तर विरजण उरतं कुठे? पण त्याचा एक हट्ट असतो. ज्या जातीवर तो पोसला तीच जात हवी. जात म्हणजेही 'लॅक्टोकॉकस', म्हणजे आमच्या विरजणातला जिवाणू, एवढ्यावर भागत नाही, त्यातला अमुकच वाण. म्हणून पहिलं विरजण मेलं आणि दुसऱ्याला ओरखडासुद्धा आला नाही. पुढे आम्ही तीन कल्चर आळीपाळीने वापरायला लागलो. आणि हो, तो आला कुठून तेही सापडलं. चक्का टांगल्यावर जे पाणी गळतं, आम्ही त्याला व्हे म्हणायचो, त्याची मोरी कल्चर रूमच्या दाराशी होती. पाणी उडतंय, तुषार हवेत, दार उघडं. दार बदललं, मोरी हलवली, क्लोरीनने भिंती धुतल्या. त्यानंतरही दर उन्हाळ्यात कुणीतरी दचकून म्हणायचंच, "ताई, फाज तर नाही ना?"

तोच फाज आता माझा भाचा मला ८३ रुपयांना एक, असा गिळायला देत होता.

डिलिव्हरीबद्दल एक तक्रार, आणि ती बारीक नाही. लेबलवर लिहिलंय, २५ अंशांच्या खाली आणि कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात परळमध्ये २५ अंश आणि कोरडं, दोन्ही एकदम फक्त फ्रीजमध्ये मिळतं. अ‍ॅपवर दुपारी बाराला 'डिलिव्हर्ड' आलं, मी दादरहून परतले संध्याकाळी सहाला. पाकीट वॉचमनच्या केबिनमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात. आत बर्फाची पिशवी नाही, थर्माकोल नाही, नुसती फुग्यांची प्लास्टिकची शीट. सुकवलेली पूड तशी चिवट असते, आमची सुकी कल्चरही असायची. पण ती आम्ही डीप फ्रीजरमध्ये ठेवायचो, खिडकीत नाही.

मग मी कस्टमर केअरला फोन केला. मला एकच गोष्ट हवी होती.

"पंधरा मिलिग्रॅममध्ये पीएफयू किती आहेत?"

"मॅम, तीस कॅप्सूल आहेत."

"गोळ्या नाही हो विचारत. पीएफयू. जिवंत फाज किती?"

कीबोर्डची टकटक. "मॅम, प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे. कॅप्सूल पण व्हेज आहे."

"आणि एक्सपायरीच्या दिवशी किती जिवंत असतील?"

"मॅम, मी तुमचं कन्सर्न वरती पाठवतो."

पोराचा काही दोष नाही. त्याला जे लिहून दिलंय ते तो वाचणार. पण प्रश्न साधा होता. फाज मोजायची रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. प्लेटवर जिवाणूंची साय धरू द्यायची, त्यात पातळ केलेला फाज मिसळलेला असतो. जिथे एक फाज कामाला लागला तिथे त्या सायीला एक गोल भोक पडतं. भोकं मोजली की झालं, तोच पीएफयूचा आकडा. मिलिग्रॅम म्हणजे नुसतं वजन. त्यात जिवंत आले, मेलेले आले, आणि भर घातलेली पूडही आली असेल. विरजणाचा डबा कुणी वजनावर घेत नाही, दही लागतं की नाही यावर घेतो. प्रोबायोटिकच्या साध्या डबीवरसुद्धा जिवाणूंची संख्या कोटींत छापतात. इथे चार फाजची नावं होती, त्यातला टी४ माझ्या ओळखीचा. चौघंही ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवरचे. कोणत्या ई. कोलायवर, ते नाही.

'प्रीबायोटिक' या शब्दाचंही मला नवल वाटलं. आम्ही शिकलो तेव्हा त्याचा अर्थ जिवाणूंचं खाणं, म्हणजे कांदा-लसूण, केळं, डाळी यांतला आपल्याला न पचणारा भाग. फाज कुणाचं खाणं नाही. कंपनीचं म्हणणं असं की फाज ई. कोलायला फोडतो, जागा मोकळी होते, फुटलेल्याचा खुराक चांगल्या जिवाणूंना मिळतो. गल्लीतलं एक दुकान पाडलं म्हणून पाडणाऱ्यालाच 'किराणा पुरवठादार' म्हणावं, तसलं हे.

व्हायरस गिळायचा म्हटल्यावर शेजारच्या वहिनी घाबरल्या. कोविडनंतर त्या शब्दालाच लोक बिचकतात. त्यांना सांगितलं, वहिनी, फाजची लागण माणसाच्या पेशींना होत नाही, आणि तुम्ही रोज दह्यातून, कोशिंबिरीतून, पाण्यातून तो खाताच आहात. आपल्या आतड्यात त्याचं आधीपासून राज्य आहे. २०१४ मध्ये नुसत्या संगणकावर जनुकांचे तुकडे जुळवताना क्रॅसफाज नावाचा एक फाज सापडला. असंख्य माणसांच्या पोटात तो आधीपासून होता आणि तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता. अमेरिकेत २००६ पासून लिस्टेरिया मारणारा फाज तयार मांसावर फवारायला परवानगी आहे. तेव्हा भीतीचं कारण नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली उघडू नये. टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या पेशंटचे नातेवाईक आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टाटा आणि केईएम हॉस्पिटलांच्या जवळच हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, लसी आणि साथीच्या रोगांवर काम करणारी जुनी संस्था. मी त्यावरून भाजीला जाते. फाजच्या गोष्टीत आमच्या परळचाही वाटा आहे, हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगून खरं वाटत नाही. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेलने आमांशाच्या रुग्णांच्या मळात हा जिवाणूभक्षक पाहिला आणि त्याला बॅक्टेरिओफाज नाव दिलं. (इंग्लंडच्या ट्वॉर्टने १९१५ मध्येच तसं काही पाहिलं होतं, पण बारसं देरेलने केलं.) पुढे विसाच्या दशकात प्लेगवर फाज चालतो का, हे पाहायला इंग्रज सरकारने त्याला हाफकिनमध्ये बोलावलं. मग १९२७ मध्ये पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांना त्याने फाज पाजला, विहिरींत ओतला. आसाममध्ये ते काम त्यानंतरही काही वर्षं चालू राहिलं. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट हँकिन या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं लिहिलं होतं. ते पाणी उकळलं की गुण जायचा. त्यामागे फाज असावा असं पुष्कळ जण मानतात. आमच्या सासूबाई गंगाजळाचा गडू वर्षानुवर्षं जपायच्या. हँकिनचं ऐकून त्या म्हणाल्या असत्या, "त्यात काय नवीन?"

पेनिसिलिन आल्यावर पश्चिमेकडे फाज मागे पडला. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ मध्ये स्थापन झालेली एलियावा इन्स्टिट्यूट मात्र आजही फाजची औषधं बनवते. आता जुन्या अँटिबायोटिकना जंतू दाद देईनासे झालेत, म्हणून सगळे पुन्हा या दाराशी आलेत. ते काम खरं आहे. पण तिथे शक्यतो आधी रुग्णाचा जंतू वाढवतात, त्याच्यावर कोणता फाज भोक पाडतो हे प्लेटवर पाहतात, आणि मग तो देतात. आमचे साहेब उलट्या बाजूने तेच करायचे, फाज ज्याला शिवत नाही ते कल्चर निवडायचे. माझ्या बाटलीत आधी फाज भरला, आणि जंतू माझ्या पोटात असेल अशी आशा धरली.

घेतल्या कशा ते सांगते. रोज सकाळी नाश्त्याबरोबर एक. रिकाम्या पोटी नाही, कारण जठरातल्या आम्लात टी४सारखे फाज तग धरत नाहीत, आणि कॅप्सूल साधी होती, आतड्यात जाऊन विरघळणारी नव्हती. ही सूचना लेबलवर हवी होती. तिथे 'केव्हाही घ्या' लिहिलंय. नोंद कालनिर्णयवर. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनातच मी एक आकडा टाकायचे, पोटाचा, शून्य ते पाच.

पहिला आठवडा तीन, तीन, चार, तीन. दहाव्या दिवसापासून दोन. भाचा फोनवर खूश. पण लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईला असा फरक झोपू देत नाही. अँटिबायोटिक संपून पाच आठवडे झाले होते. पोट तसंही ताळ्यावर यायच्याच बेतात असणार. म्हणून चौदा गोळ्यांनंतर मी आठ दिवस बंद केल्या. आकडे दोन, दोन, एक, दोन. मध्ये एकदा चार, पण त्या दिवशी पुतणीच्या लग्नात दोन वाट्या आमरस झाला होता, त्याचा दोष फाजवर टाकणं अन्यायाचं होईल. मग उरलेल्या सुरू केल्या. दोन, एक, एक, दोन. गोळी चालू की बंद, हे चौकोन झाकून मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्रास मात्र एकही झाला नाही, ना मळमळ, ना पुरळ, ना वेगळी गुडगुड. तेवढं श्रेय देते.

एक गोळी मी खाल्ली नाही, तिचं दही लावलं.

झालं असं की रविवारी भाचा जेवायला होता. मी दोन स्टीलच्या वाट्यांत एकाच पातेल्यातलं कोमट दूध घेतलं, एकेक चमचा तेच विरजण घातलं, आणि एका वाटीत कॅप्सूल फोडून पूड ढवळली. दोन्ही झाकून ओट्यावर. सकाळी दोन्हीकडे कवडी दही. फोटो पाठवला तर भाच्याचा लगेच मेसेज: "म्हणजे गोळी मेलेली होती! रिफंड मागू?"

नाही रे बाबा. फाज जिवंत असता तरी दही लागलंच असतं. तो ई. कोलायचा शिकारी, दह्यातल्या जिवाणूंकडे तो बघणारसुद्धा नाही. मला ते रात्रीच माहीत होतं. वाट्या लावल्या त्या त्याला दाखवायला. गोळी मेलेली असो वा शिकार समोर नसो, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेच माझ्या पोटात. फरक पडला नाही म्हणजे उन्हात फाज मेले, की जठरात मेले, की धडधाकट खाली पोचले आणि माझ्या आतड्यात त्यांच्या ओळखीचा एकही ई. कोलाय भेटला नाही? खरं तपासायचं तर त्यांचा ई. कोलाय प्लेटवर वाढवायला हवा, आणि स्वयंपाकघरात ई. कोलाय वाढवण्याइतकी मी अजून रिकामटेकडी झालेली नाही.

शिवाय ई. कोलाय सगळे वाईट, हे कुणी ठरवलं? त्यातले बहुतेक वाण आपल्या आतड्यात निमूट राहतात. आणि माझं पोट ई. कोलायमुळेच बिघडलं होतं याला तरी पुरावा काय होता? काहीच नाही.

ढाक्यात लहान मुलांच्या ई. कोलायच्या जुलाबावर टी४ जातीच्या फाजची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मुलांना अपाय झाला नाही, फाज पोटातून बाहेरही पडले. पण आतड्यात म्हणावे तसे वाढले नाहीत आणि जुलाबाला उतार पडला नाही. तिथे कोणत्या आजारावर, हे तरी ठरलेलं होतं. अमेरिकेत कोलोराडोला अशाच चार फाजच्या मिश्रणाची चार आठवड्यांची चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. तिथेही सुरक्षित ठरलं, आतड्यातल्या जिवाणूंचा एकूण पसारा फारसा हलला नाही, रक्तातला सुजेशी संबंधित एक घटक थोडा उतरला. बाटलीच्या कागदावर हा शेवटचा अर्धा भाग तेवढा ठळक अक्षरांत आहे.

म्हणून माझे पाचपैकी दोन स्टार. एक, त्रास झाला नाही म्हणून. दुसरा, कॅप्सूलमधली पूड खरोखर कोरडी होती आणि बाटलीचं झाकण आमच्या जूनच्या दमट हवेतही घट्ट राहिलं म्हणून. पीएफयू छापा, एक्सपायरीच्या तारखेचा आकडा छापा, मे महिन्यात पार्सल थंड पाठवा, 'केव्हाही घ्या' खोडा, मग तिसरा देईन. चौथा हवा असेल तर आधी गिऱ्हाइकाचा जंतू तपासावा लागेल आणि तो खर्च २,४९० मध्ये बसणार नाही. अँटिबायोटिकनंतर माझ्यासारखं पोट बिघडलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचं ताक-भात महिनाभर करून पाहावं. रक्त पडत असेल, ताप असेल, तर ताकही नको आणि गोळीही नको, थेट दवाखाना.

कस्टमर केअरकडून तीन आठवड्यांनी ईमेल आलं. माझं 'कन्सर्न' वरती पोचलं होतं. उत्तरात पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट.

भाचा अजून घेत होता. त्याची स्वतःची बाटली होती, प्रोटीन शेकने पोट फुगतं म्हणून. मी म्हटलं, अरे, आधी शेक आठ दिवस बंद कर, गोळी चालू ठेव, मग कळेल. त्याने दोन्ही एकाच दिवशी बंद केलं. परवा आला तेव्हा म्हणाला, "मावशी, पोट एकदम मस्त आहे. गोळीचा असर उशिरा दिसतो बहुतेक."